शालनला मिळालेलं वचन

पाळकसाहेबांना नाही, ह्यांना नाही, पोटच्या पोरीलाही सांगितलं नाही. गुडघे टेकून देवाला सांगायला बसले तरी अर्ध्यावर शब्द गिळले. ‘प्रभू, तुला तर सगळं ठाऊकच आहे’ म्हणायचं आणि आमेन करून उठायचं. त्याला ठाऊक आहे म्हणून मी सांगायचं नाही, असा काही नियम आहे का? पण मी तो करून घेतला. तेव्हा हे ऐकणारे तुम्हीच पहिले. तुमची-माझी ओळख नाही म्हणूनच धाडस होतंय, हेही आधीच कबूल करते.

मी शाळामास्तरीण. येडगावच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवण्यात जन्म गेला. राहायला नारायणगावात, रोजचं जाणं-येणं जीपनं व्हायचं. आवाज मोठा, जीभ तिखट. जीपवाल्यानं दहाच्या जागी चौदा माणसं कोंबली की खाली उतरून भांडणारी मीच. धीट बाई म्हणून माझा लौकिक आहे — आणि ही धीट बाई दहा-अकरा वर्षं भीतीनं अर्धी झालीय, हे कुणाला सांगून खरं वाटेल? नाताळ सरला, एक जानेवारी जवळ आली की मी ताट बाजूला सारते. घास खाली उतरत नाही. मंडळीतल्या बायकांना वाटतं, बाई नव्या वर्षासाठी उपास धरतात. मी त्यांना तसं वाटू देते.

भीती कशाची, ते कळायला आमची एक रीत सांगायला हवी.

नारायणगावात आम्ही ख्रिस्ती लोक म्हणजे वीस-बावीस घरं. पत्र्याचं छोटं प्रार्थनामंदिर, उपासना चालवायला पाळकसाहेब, आणि आम्ही सगळे मिळून तिथली मंडळी. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासना असते, आणि तिच्या शेवटी प्रत्येक जण टोपलीतून एक चिठ्ठी काढतो. चिठ्ठीवर पवित्र शास्त्रातलं एक वचन लिहिलेलं. जे हाताला लागेल ते देवानं त्या वर्षासाठी तुम्हाला दिलेलं. कुणी ते पाकिटात ठेवतं, कुणी टेम्पोच्या काचेला चिकटवतं, कुणी देव काय म्हणाला म्हणून आठ दिवस पाळकसाहेबांच्या मागं लागतं. थट्टाही चालते. एकदा एका गप्पिष्ट गृहस्थाला जीभ आवरण्याविषयीचं वचन आलं, तर त्याच्या बायकोनं तिथल्या तिथं टाळी वाजवली होती! आम्ही हसतो — पण मानतो. त्या चिठ्ठीवर विसंबून माणसांनी लग्नं ठरवलीत, विहिरी खोदल्यात.

आणि त्या चिठ्ठ्या लिहायची मी. अक्षर चांगलं ना! पाळकसाहेब वचनांची यादी देत. मी बाजारपेठेतल्या शेठजींच्या दुकानातून कार्डशीट आणायची, कापायची, निळ्या शाईनं लिहायची. शेठजी जैन, आजोबा राजस्थानातून आलेले, पण मराठी आमच्याहून फर्डं. कार्डशीट मोजताना दरवर्षी म्हणायचे, “काय बाई, तुमच्या देवाची लॉटरी आली वाटतं!” मी म्हणायची, “शेठ, आमच्या लॉटरीत कुणी हरत न्हाई बरं का.” मीच म्हणायची हे. दुकानातले बाकीचे हसायचे आणि मलाही आपण फार हजरजबाबी आहोत असं वाटायचं.

आता शालनचं सांगते. किती वेळ टाळणार?

शालन माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा ती परकर-पोलक्यात होती. पुढं सुईणीचा छोटा कोर्स केला आणि गावातल्या एका डॉक्टरांकडं कामाला लागली. तिचं इंजेक्शन दुखत नाही, अशी ख्याती. आंबेगावच्या डोंगराकडच्या म्हाताऱ्या बायका यायच्या आणि डॉक्टरांना सोडून विचारायच्या, “ती पोरगी कुठं हाय? तिच्याच हातनं टोचून घ्यायचंय.” दिसायला साधी, लग्नाचं जमत नव्हतं, त्याचं तिला फार काही वाटतही नव्हतं. तिला नर्स व्हायचं होतं. पांढरा ड्रेस घालणारी, पुरी शिकलेली नर्स. मोठ्या दवाखान्यांची नावं ती घ्यायची तशी दुसऱ्या पोरी सिनेमातल्या नट्यांची घेतात.

ती आमच्या मंडळीत पेटी वाजवायची. हे लक्षात ठेवा, कारण माझं सगळं पाप त्या पेटीच्या आडोशानं झालं.

सत्त्याण्णव साल. दिवाळीच्या सुमाराला सासूबाईंना अर्धांग झालं. डावी बाजू गेली. धिप्पाड बाई. त्यांना कुशीवर वळवायला दोघं लागायची. शालन दवाखान्यातून आली की त्यांचं सगळं करायची. अंग पुसणं, पाठ चोळणं, भरवणं. मी शाळा बघायची, स्वयंपाक बघायची, माझी लेक तेव्हा लहान. आणि डिसेंबरात शालनला पत्र आलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सिंगचं तीन वर्षांचं शिक्षण, राहायची-जेवायची सोय, पुढं तिथंच नोकरी. जानेवारीच्या पंधरा तारखेपर्यंत हजर व्हायचं. वयाची अट होती आणि शालनचं ते शेवटचं वर्ष. यंदा नाही तर कधीच नाही.

ती आनंदानं रडली. मग आईच्या खाटेकडं बघितलं आणि पत्राची घडी घातली. दोन दिवस तिनं पत्राचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत असताना माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “वयनी, मी ठरिवलंय. नव्या सालाचं वचन यील तसं करायचं. देव जा म्हनला तर जाईन, थांब म्हनला तर थांबंन. मग मनाला रुखरुख न्हाई ऱ्हायची.”

मी काय म्हणाले? “बरोबर आहे, शालन. देवावर सोड.”

आता बघा — मला तेव्हा एक सरळ वाक्य बोलता आलं असतं. ‘शालन, जाऊ नको गं, मला एकटीला झेपायचं नाही.’ बस्स. कदाचित ती थांबलीही असती. तिचा स्वभाव बघता थांबलीच असती. पण तसं म्हटलं की मी स्वार्थी ठरणार. मंडळीत बोभाटा होणार, वहिनी नणंदेच्या कल्याणाच्या आड आली. आणि ती थांबली असती तर जन्मभर तिच्या उपकाराखाली राहायचं! मला तिनं थांबायला हवं होतं, आणि थांबवणारी मी नको होते. असं कसं जमायचं? त्यासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ते वदवून घ्यायला हवं होतं. मी देवाच्या तोंडून वदवलं.

हे लिहिलं आणि हात थांबला. अजूनही इकडं-तिकडं बघितलं, कुणी आलं तर नाही ना.

पाळकसाहेबांच्या यादीत तसं वचन नव्हतं. मी शोधलं. तीन संध्याकाळी शास्त्र घेऊन बसले. सासूबाई खाटेवरून कौतुकानं बघायच्या, सून किती मन लावून वाचतेय! खरंच, तेवढं मन लावून मी आधी कधीच वाचलं नव्हतं. शेवटी सापडलं. तुम्ही याच जागी राहाल तर मी तुम्हाला रोपासारखं लावीन, उपटून टाकणार नाही, अशा अर्थाचं. संदेष्ट्यानं ते कुणाला, कसल्या संकटात सांगितलं होतं, हे मला पक्कं माहीत होतं. रविवारशाळेत पोरांना मीच शिकवलं होतं. शालनच्या नर्सिंगशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरी मी कार्ड कापलं, निळ्या शाईनं सुरेख अक्षरात ते लिहिलं आणि कडेला बारीक वेलबुट्टीही काढली.

एक जानेवारी. धुकं होतं, स्वेटर-मफलरांत सगळे कुडकुडत आले होते. पाळकसाहेबांनी उपदेश केला. नवं वर्ष म्हणजे देवानं दिलेलं कोरं पान, स्वतःला तपासा, हेतू शुद्ध ठेवून पाऊल टाका. मी मान हलवत होते. मग गीत सुरू झालं आणि मी टोपली घेऊन रांगांमधून निघाले. दरवर्षी असंच असतं. लोक गात-गात चिठ्ठ्या काढतात, आणि पेटी वाजवणारीचे हात मोकळे नसतात म्हणून तिची पाळी सगळ्यात शेवटी. टोपलीत ज्या चार-दोन उरतील त्यांतली ती एक घेते.

मी शेवटच्या रांगेशी, दाराजवळ पोचले. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडं. पाळकसाहेब पुढं डोळे मिटून गात होते. मी उरलेल्या चिठ्ठ्या उचलल्या, पर्समध्ये कोंबल्या आणि ती एक टोपलीत टाकली. किती वेळ लागला असेल? नाक पुसायला लागतो तेवढा. मग चालत पुढं आले. कानांत नुसता दणदणाट. मला वाटत होतं, आता कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडेल. गीत संपलं. शालननं हात पदराला पुसले, टोपलीत बघितलं आणि म्हणाली, “एकच उरली.”

तिनं वाचलं. ओठ हलले. पुन्हा वाचलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं — रडत नव्हती हो. चेहरा उतरला होता, पण त्याच्यावर एक शांती होती. ती शांती मी कधी विसरले नाही, आणि त्या शांतीइतकं भयंकर मी काही बघितलेलं नाही. घरी येऊन तिनं आईला सांगितलं, “मी कुठं न्हाई जात. सगळ्यांनी घिऊन जी उरली ती माझी व्हती. कुनी निवडलीबी न्हाई. म्हंजी देवानंच ठिवली.” सासूबाई उजव्या हातानं तिचं तोंड कुरवाळत राहिल्या. त्याच आठवड्यात तिनं नकाराचं पत्र लिहिलं. कार्यालयीन भाषा तिला जमत नव्हती म्हणून मजकूर मी सांगितला.

पर्समधल्या त्या चार-पाच चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी मी पाण्याच्या बंबात घातल्या. त्यांतली कुठली तरी एक शालनची होती. मी एकही वाचली नाही. वाचायची छातीच झाली नाही.

आणि मग भीती सुरू झाली. आधी ढोबळ भीती, लहान मुलाची असते तशी. लेकीला ताप आला की वाटायचं, आली शिक्षा. जीप वळणावर घसरली की वाटायचं, आली. देवासमोर खोटं बोलून जागच्या जागी कोसळलेल्या नवरा-बायकोची गोष्ट पाळकसाहेबांनी एका रविवारी सांगितली. मी बाक घट्ट धरून बसले होते. प्रभू येशूच्या आठवणीची, प्रभुभोजनाची भाकर हातात यायची, ‘स्वतःची पारख करून मगच खा’ असं ते सांगायचे, आणि मी खायची. न खावी तर लोक विचारतील! तेव्हा देवापेक्षा मी शेजारणीला जास्त भ्यायले, आणि घास गळ्याखाली उतरताना घामानं भिजले. दर महिन्याला. काही झालं नाही मला. धडधाकट राहिले. त्याचीही भीतीच वाटायची. देव कशासाठी थांबलाय?

मग दुसरी भीती आली. शालन साक्ष देऊ लागली. दर नव्या वर्षाला उभी राहायची आणि मंडळीसमोर सांगायची, त्या साली देवानं मला कसं थांबवलं, एकच चिठ्ठी कशी उरली. लोक डोळे पुसायचे. पाळकबाई माझा हात दाबून म्हणायच्या, “तुम्ही लिहिलेलं वचन, बाई. केवढा आशीर्वाद!” चोराच्या मनात चांदणं — मला वाटायचं, ह्यांना कळलंय, ह्या मुद्दाम बोलतात. कुणालाच कळलं नव्हतं.

सासूबाई नऊ वर्षं खाटेवर होत्या. नऊ! शालननं दवाखाना सोडला, दोन्ही जमेना. सासूबाईंच्या पाठीला एकही जखम झाली नाही, डॉक्टर येऊन नवल करायचे. आणि शालनची कंबर गेली. केस पिकले. डॉक्टरांकडं दुसरी मुलगी आली, मग तिसरी. डोंगराकडच्या बायका शालनला विचारायच्या बंद झाल्या. एकदा एस.टी. स्टँडवर पांढऱ्या ड्रेसातल्या तीन-चार पोरी हसत-खिदळत बसची वाट बघत होत्या. शालन त्यांच्याकडं बघत उभी राहिली. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, “व्हय, चला.” एवढंच.

मी काहीच केलं नाही का? केलं की. निश्चय केले. दरवर्षी नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायची — पहाटे उठून प्रार्थना करीन, जीभ आवरीन, महिन्यातून एकदा आजाऱ्याला भेटीन. आणि शेवटी एक ओळ, फक्त ‘श.ला सांगायचं.’ पहाटेची प्रार्थना जमली. आजाऱ्यांना भेटले. जिभेचंही बरंच साधलं, मंडळीत लोक म्हणायचे, बाई नेमानं जगतात. ती शेवटची ओळ तेवढी एका वहीतून दुसऱ्या वहीत जात राहिली.

आणि लेकीचं ऐका. बारावी झाली, तिला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला. हो, नर्सिंगलाच, आत्याच्या गोष्टी ऐकून मोठी झाली ना. शालन आनंदानं म्हणाली, “वयनी, हिलाबी टोपलीतलं येक वचन तर काढू द्या, मग ठरवा.” मी तिच्या अंगावर खेकसले, “काही नको! प्रवेश मिळालाय, जायचं.” शालन गोंधळली. मी त्याच आठवड्यात बॅग भरली आणि पोरीला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. स्वतःच्या पोरीला चिठ्ठी नको. ती फक्त शालनसाठी.

सासूबाई गेल्या. मला वाटलं, आता शालन मोकळी. आता सांगून टाकू, फार उशीर झालाय, पण सांगू. चाळिशीच्या पुढं गेली होती ती. मी दिवस ठरवायची आणि टाळायची. तेवढ्यात मी न्हाणीघरात पडले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई टाकली, पण चालणं काही धड आलं नाही. काठी घेऊन खाटेपासून दारापर्यंत, एवढंच. आणि शालननं कमरेला पदर खोचला. “आईचं केलं तसं तुमचंबी करीन. भ्यायचं न्हाई.” ती मला आंघोळ घालते. माझ्या पाठीवर तिचे हात फिरतात तेव्हा मी भिंतीकडं बघत असते. पाणी तापलेलं असलं तरी अंगावर काटा येतो.

मागच्या नाताळात तिला पुन्हा एक पत्र आलं. तिच्याबरोबर सुईणीचा कोर्स केलेल्या मैत्रिणीचं. नगरकडं वृद्धांसाठी एक आश्रम निघालाय, आजाऱ्यांचं करणारी जाणती बाई हवीय, वयाचं काही नाही, स्वतंत्र खोली मिळेल, सगळं तुझ्या हाताखाली चालेल, ये. शालननं ते मला वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज चढत गेला, कितीतरी वर्षांनी मी तो तसा ऐकला. चहाचा कप माझ्यापुढं धरलेला होता, तो तसाच राहिला.

मी म्हणाले, “शालन, तू जा.”

मनापासून म्हणाले. तेवढं श्रेय मला द्या — नाही, नका देऊ. पुढचं ऐका.

ती हसली. “येडं का काय, वयनी? देवानं सांगितलंय ना, हितंच ऱ्हा, हितंच लावीन म्हनून. त्यानं उपटल्याबिगार मी कशी हालू? त्याचा शबूद मोडू व्हय?”

“अगं, ते त्या सालापुरतं होतं.”

“देवाचा शबूद सालापुरता असतो?” तिनं मलाच विचारलं, शाळेत मी पोरांना विचारायची तसं.

तेव्हा एकच वाक्य हवं होतं. ती चिठ्ठी देवानं ठेवली नव्हती, शालन, मी ठेवली होती. एवढ्यानं ती सुटली असती. माझ्या तोंडावर थुंकून, शिव्या देऊन, पण त्या खोलीत गेली असती, त्या म्हाताऱ्यांच्यात. माझं तोंड उघडलं होतं. ती माझ्याकडं बघत होती, काय म्हणताय म्हणून वाट बघत होती. मी तोंड मिटलं.

तिनं पत्र उभं फाडलं, आडवं फाडलं आणि तुकडे केराच्या बादलीत टाकले. मी भीतीनं गप्प राहिले असं मला सांगता आलं असतं, तुम्ही मानलंही असतं. पण कागद फाटल्याचा आवाज झाला तेव्हा मला हायसं वाटलं. उद्यापासून मला आंघोळ कोण घालणार, ही काळजी मिटली होती. मी चहा मागितला, आणि तो निवला होता म्हणून शालन तो गरम करून आणायला उठली.